आप्पांचा नारळ

टांझानियाच्या विद्यापीठातले डॉ. मकामे १९८४ साली रत्नागिरीत व्याख्यानाला आले, तेव्हा आमच्या कॉलेजचा हॉल दारापर्यंत भरला होता. विषय होता नारळाचे रोग आणि त्यांचं इंग्रजी मराठीत सांगणार होतो मी. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पण आधी सत्कार. आपल्याकडे सत्काराशिवाय पाहुण्याला तोंड उघडू देतात का? प्राचार्यांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत ज्याने त्याने शाल घातली, हातात नारळ ठेवला आणि वर भाषण ठोकलं. मी नुसता धुमसत होतो. शेवटी बागायतदार संघाचे आप्पा मयेकर उठले, तर त्यांच्याही हातात नारळच.

मकामे मात्र आलेला प्रत्येक नारळ कानाशी नेऊन हलवत होते. आप्पांचा हलवला आणि ते थबकले. पुन्हा हलवला. मग त्यांनी कोयता मागवला आणि सत्काराचा नारळ तिथेच टेबलावर फोडला.

आत खोबरं धरलंच नव्हतं. हॉलमध्ये हशा पिकला. आप्पांचं तोंड उतरलं.

मकामे नाचायचेच काय ते बाकी होते. "याच रोगासाठी मी समुद्र ओलांडून आलोय. हा कुठल्या झाडाचा?"

मी मराठीत विचारलं.

"आमच्या परड्यातला," आप्पा पुटपुटले.

थोड्याच वेळात अख्खा हॉल आप्पांच्या परड्यात होता आणि व्याख्यान त्या माडाखाली दिवेलागणीपर्यंत रंगलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा नाक्यावर भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "एवढ्या लोकांनी नारळ दिले. पाहुण्यांनी निवडला तो माझा."