रिकामी राहिलेली टाकी

"वहिनी, दाब उतरला का? खोलू?" दिराचा आवाज वायरलेसवर आला.

तिने काट्याकडे पाहिलं. तो शून्यावर होता. "हो भाऊजी, खोला," ती म्हणाली आणि थंडगार झालेला चहा तोंडाला लावला.

ती कारखान्याची इंजिनिअर, तो फिटर. गटारातला गाळ आणि सडका भाजीपाला न वाळवता, तसाच ओला, जाड पोलादी नळ्यांमध्ये प्रचंड दाबाखाली शिजवायचा आणि त्यातून काळं तेल काढायचं, हे त्यांचं काम. तेलावर गाड्या चालत, उरलेल्यातून औषधी रसायनं निघत. आज नळी तुंबली होती. म्हणून पंप बंद करून आतला माल खालच्या टाकीत सोडून दिला होता.

सहज तिची नजर टाकीच्या पातळीवर गेली. टाकी कोरडी ठणठणीत.

तिने कप खाली ठेवला. माल बाहेर आलाच नाही, तर दाब उतरेल कसा? गाळ जळून मध्येच बूच बसलं असणार. काटा बुचाच्या अलीकडे, उकळता दाब पलीकडे. आणि भाऊजी पलीकडेच!

"भाऊजी, थांबा! हात लावू नका!"

तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. भाजीपाला दळणाऱ्या चक्कीच्या घरघरीमुळे त्याने कान झाकून घेतले असणार.

ती धावत सुटली. जिन्यावर चप्पल निसटली, ती तिथेच राहिली. तो शिडीवर पाठमोरा उभा होता. एक बोल्ट सैल झालेला, पाना दुसऱ्यावर. ओरडून हाक मारावी, पण दचकून त्याचा हात हिसकला तर? तिने हळूच त्याच्या बुटावर तळवा ठेवला.

त्याने खाली पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. तेवढ्यात सांध्यातून सुईएवढी तपकिरी वाफ सूं करत त्याच्या बाहीजवळून गेली.

तो एकेक पायरी उतरला. दोघं भिंतीला धरून मागे सरकले आणि दार ओढून घेतलं. नळी पूर्ण निवेपर्यंत तिने कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "एवढा उशीर?"

"वहिनींनी माझा पाय ओढला," तो हसत म्हणाला.

सासूबाईही हसल्या. ती मात्र उंबऱ्यातच बसली. "खोला म्हणून मीच सांगितलं होतं, आई," ती म्हणाली.