जीपमधला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना कलमापक आहे. नाव ऐकून बिचकू नका, मी दिसायला अगदी साधा आहे. वाटीएवढं गोल डबडं, वरून काच आणि आत खालून जड असलेला एक काटा. गवंड्याचा ओळंबा कसा नेहमी सरळ खाली लोंबतो, तसाच माझा काटा. गाडी कलली की माझी तबकडी तिच्याबरोबर कलते, काटा मात्र हटवादी, तो जागचा हलत नाही. मधे पांढरा पट्टा, दोन्ही कडांना तांबडा. काटा तांबड्यात शिरला की समजायचं, गाडी आता उलटणार! मला ना तेल लागतं, ना वायर, ना किल्ली. याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

माझा जन्म विलायतेतला. लढाईच्या दिवसांत मी लष्कराबरोबर इकडे आलो, आणि लढाई संपली तसा एका पोत्यात कोंबला गेलो. पोतं उघडलं ते सांगलीत, अण्णांच्या जुन्या लष्करी सामानाच्या दुकानात. मी डोळे फाडून बघतच राहिलो. डाव्या अंगाला फाटके बूट, उजव्या अंगाला चेंबलेली जेवणाची ताटं, आणि मधे मी! माझ्यासारख्या नाजूक यंत्राची ही जागा? पण बोलणार कुणाला? काचेवर धूळ साठत गेली आणि मी पडून राहिलो.

सेहेचाळीस सालच्या पावसाळ्याअखेर दुकानासमोर एक जीप येऊन थांबली. तिच्यातून मानसिंग उतरला. हा पाटणच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरगावचा गडी. ब्रह्मदेशात लष्करात गाड्या हाकून परत आला होता आणि लष्करानं मोडीत काढलेली जीप त्यानं घेतली होती. डोंगरातल्या माणसांना पाटणला, कराडला पोचवायचं, दुखणाईत माणूस वेळेत दवाखान्यात न्यायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याच्यामागून त्याची आई उतरली, अंबूबाई. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण आणि नजर अशी की अण्णासुद्धा गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

जीपच्या समोरच्या पत्र्यात वेगाचा, तेलाचा, पाणी तापल्याचा असे सगळे काटे होते. पण एक गोल भोक रिकामं होतं. तिथं कुठला काटा बसवायचा, हे ठरवायला मायलेक आले होते. अण्णांनी फळीवर आम्हा तिघांना मांडलं. अंधारात चमकणारं एक घड्याळ, विमानातलं उंची सांगणारं एक यंत्र आणि मी.

मानसिंगनं घड्याळ उचललं. "आये, ह्येच घिऊया. साऱ्या तालुक्यात कुनाच्या गाडीत आसलं घड्याळ न्हाई!"

"येळ कळून काय करू रं?" अंबूबाई म्हणाली. "कोंबडा हाय की घरात."

"मग हे यंत्र घ्या, बाई," अण्णा म्हणाले. "घाटात आपण किती उंचावर आलो, ते बरोबर दाखवतं."

"चढताना माजं गुडघं सांगत्यात त्ये. आन ह्यो कोन?"

अण्णांनी मला हातात धरून सावकाश कलता केलं. माझा काटा पांढऱ्यातून सरकत तांबड्यात गेला. "गाडी उलटायच्या आधी हा सांगतो," अण्णा म्हणाले.

अंबूबाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं मला अण्णांच्या हातातून अक्षरशः ओढूनच घेतलं. "उलटायच्या आदी? आदी सांगतो ह्यो?" तिनं मला असं गदागदा हलवलं की माझा काटा नाचायला लागला. मी तर पुरता गांगरून गेलो.

"त्योच घे, मानसिंगा. ह्यो आसंल तर घाटात गाडी घाल. न्हाईतर जीप परसात हुबी कर आन कोंबड्या कोंड तिच्यात."

वाटेत मायलेकांच्या बोलण्यातून मला सगळं उमगलं. अंबूबाईचे मालक, म्हणजे मानसिंगचे वडील तात्याबा, बैलगाडीखाली सापडून गेले होते. तेही कुठं घाटात नव्हे, स्वतःच्या दारातल्या अंगणात! भाताच्या पेंढ्यानं उंच भरलेली गाडी अंगणात शिरली, कडेला गेली आणि बघता बघता उलटली. गाडीला जो उजवा बैल होता, हौश्या, त्यानंच बुजून गाडी ओढली असं सगळ्यांनी धरलं. अंबूबाईनं त्याला लहानपणापासून हातानं चारलेला. तिनं पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. म्हसवडच्या जत्रेत त्याला विकून टाकला.

"दावनीला बांदलेला वैरी निगाला त्यो," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आता मला गाडीत बसवायचं होतं. अंबूबाईनं ठरवलं की खंडेनवमीला, हत्यारांची पूजा होते तेव्हाच याची स्थापना करायची, तीही तात्याबांनी स्वतःच्या हातानं केलेल्या अंगणात. सकाळी अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि जीप पूर्वेला तोंड करून उभी केली. मानसिंगनं मला त्या भोकात सरकवलं. आणि मी हादरलो! माझा काटा मधे नव्हताच. तो उजवीकडे झुकला होता, कारण ते अंगणच दक्षिणेच्या बांधाकडे उतरतं होतं.

मानसिंगनं डोकं खाजवलं. "आये, काटा मदी येत न्हाई. आंगान वाकडं हाय काय गं?"

"जीभ झडंल तुजी!" अंबूबाई कडाडली. "तुज्या बानं चोपण्यानं चोपून केल्यालं आंगान हाय. आख्ख्या गावात ह्याच्याएवढं सपाट हाय का कुटं? त्या डबड्याला सरळ कर."

त्या गावात सगळंच उताराचं. घरं उताराला, शेतं उताराला, देऊळही उताराला. तिथं जे जरा कमी उतरतं, त्याला लोक सपाट म्हणत. झालं! मानसिंगनं मला पकडून फिरवलं, काटा पांढऱ्यात आणला आणि मागून स्क्रू आवळला. अंबूबाईनं माझ्या काचेला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी आतल्या आत बोंबलत होतो. अहो, मी वाकडा बसलोय! मला देव करू नका, सरळ करा! पण मला जीभ कुठली?

आठवड्याभरातच ते घडलं. अंबूबाईला डोंगरावरच्या देवाला कोयनेच्या पाण्यानं अंघोळ घालायची होती. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. ती जीप अमेरिकेची, हाकायचं चाक डाव्या हाताला. त्यामुळे मानसिंग डोंगराच्या बाजूला आणि अंबूबाई दरीच्या बाजूला.

एका वळणावर समोरून लाकडं भरलेली बैलगाडी आली. तिला वाट द्यायला मानसिंगनं जीप हळूहळू दरीच्या कडेला घेतली. जीप कलली. आणखी कलली. माझा काटा? तो आपला पांढऱ्यात, सुखानं!

"भिऊ नगंस आये," मानसिंग म्हणाला. "काट्याकडं बघ. अजून लय जागा हाय."

अंबूबाईनं माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या तांब्याकडे बघितलं. तांब्या तिनं गच्च धरला होता, तरी एका काठावरून पाणी भळाभळा सांडून दरीत चाललं होतं.

"थांब!" ती अशी ओरडली की समोरचे बैलही थबकले. "मानसिंगा, थांब रं! काटा सरळ म्हनतोय, मग पानी का पळतंय?"

मानसिंगनं ब्रेक दाबला आणि डाव्या अंगानं खाली वाकून बघितलं. पुढचं डावं चाक जमिनीवर नव्हतं. ते हवेत होतं! लढाईत बाँब बघितलेला तो गडी, पण त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं आईला हाताला धरून आपल्याकडे ओढलं आणि गाडीवानाला हाक दिली. गाडीवान आणि त्याच्या बरोबरचा माणूस धावत आले, डोंगराच्या बाजूनं जीपला अक्षरशः लोंबकळले. चाक टेकलं. इंचाइंचानं मागे घेत मानसिंगनं जीप रस्त्यावर आणली. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शरमेनं मला फुटून जावंसं वाटलं.

"त्या आण्णानं फशिवलं आमाला," घरी आल्यावर तो म्हणाला आणि मला उपटायला निघाला.

"थांब," अंबूबाई म्हणाली. तिनं घरातून पितळेची परात आणली, अंगणात मधोमध ठेवली आणि तिच्यात थोडं पाणी ओतलं. पाणी सगळं दक्षिणेच्या काठाला जाऊन साठलं. उत्तरेकडं परातीचा तळ कोरडा राहिला.

"परात वाकडी आसंल," ती पुटपुटली. तिनं परात फिरवली. पाणी पुन्हा दक्षिणेला, बांधाच्या बाजूला गेलं. जिथं तात्याबांची गाडी उलटली होती, त्याच बाजूला.

अंबूबाई मटकन खाली बसली. मानसिंग घाबरून "आये, आये" करत होता.

"म्हंजी हौश्यानं न्हाई पाडली," ती शेवटी म्हणाली. "आंगानानं पाडली. मानसिंगा, मी त्या मुक्या जनावराला… माज्या हातानं वाडवल्याला बैल रं त्यो!"

दुसऱ्या दिवशी मानसिंगनं जीपच्या तळपत्र्यावर परात ठेवली. पाणी चारी बाजूंनी सारखं होईतो चाकांखाली दगड सारले, आणि मग मला नीट बसवलं. अंगण खणून सपाट करायला मात्र अंबूबाईनं स्वतः कुदळ हातात घेतली. तात्याबांचं अंगण मोडताना ती रडत होती, पण थांबली नाही. ते दोघं म्हसवडलाही जाऊन आले. हौश्या कुठं गेला, कुणाच्या दावणीला आहे की नाही, कुणालाच सांगता आलं नाही.

पुढच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरात मातीचे बैल आले. अंबूबाईनं त्यातला एक उचलला, जीपच्या सीटवर माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्या तोंडाला पुरणपोळीचा घास लावला. "हौश्या, चुकलं रं माजं," एवढंच ती बोलली. त्या दिवशी माझा काटा अगदी मधे होता, पण मला कसलाच आनंद झाला नाही.

मित्रांनो, आता मी गंजलोय, काचेला तडा गेलाय. तरी एक मागणं मागतो. आमची काच पुसा, आम्हाला जपा, पण आम्हाला बसवताना आधी पायाखालची जमीन बघा. आणि काही उलटलं, मोडलं, तर लगेच मुक्याच्या माथी मारू नका. हौश्याला बोलता येत नव्हतं, मित्रांनो. मलाही येत नव्हतं.