तिसरं बटण

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं एका कारखान्यात गिटारचे अँप्लिफायर घडवत होता. घडवत होता म्हणजे हाताने जोडत नव्हता. आत कोणता भाग कुठे बसवायचा आणि बाहेर आवाज कसा पडायचा, हे तो ठरवायचा, जोडणारे वेगळे. लहानपणी आम्ही त्याला खटपट्या म्हणायचो. मी अजूनही म्हणते. साठी ओलांडली तरी त्याने कधी तक्रार केलेली नाही.

त्या एकतीस वर्षांत एकाही अँप्लिफायरवर त्याचं नाव आलं नाही. नाव कारखान्याचं असायचं, आणि तेच बरोबर, असं तो म्हणायचा. पण निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने तळमजल्यावरची जुन्या सायकलींची खोली रिकामी केली, भिंतीला धरून लांब टेबल मांडलं आणि मला बोलावून सांगितलं, "ताई, आता पेडल काढणार. स्वतःचं. त्यावर माझं नाव घालणार."

"सायकलचं पेडल?" मी विचारलं. खोलीतल्या सायकली नुकत्याच बाहेर गेल्या होत्या.

त्याने मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. गिटारमधून निघालेला आवाज वायरीतून अँप्लिफायरकडे जातो, तो मोठा करून ऐकवणं हे अँप्लिफायरचं काम. या दोघांच्या मध्ये, वाटेवर, एक छोटी लोखंडी डबी ठेवायची. वाजवताना हात मोकळे नसतात म्हणून तिचा खटका पायाने दाबायचा. खटका दाबला की आवाजाचा पोत बदलतो. खटपट्याची डबी आवाजाला किंचित खरखरीत करणार होती. लांबच्या माणसाला हाक मारताना आपला गळा जसा जरा फाटतो आणि म्हणूनच ती हाक पोचते, तसं काहीसं.

"कळलं?"

"कळलं. तू शिक्षक व्हायला हवं होतंस."

"घरात एक होती तेवढी पुरे झाली."

मी पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं आहे. चाळीस मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या की बारीक कामाचा कंटाळा येत नाही. म्हणून वायरी मापात कापणं आणि त्यांची टोकं सोलणं माझ्याकडे आलं. माहितीपत्रक लिहिणंही माझ्याकडेच आलं, कारण त्याने लिहिलेलं पहिलं वाक्य अर्ध्या पानाचं होतं.

त्याच्या पेडलवर दोन बटणं होती. एक आवाज किती मोठा यासाठी, दुसरं खरखर किती यासाठी. त्याची सून गिटार शिकवते आणि एका वाद्यवृंदात वाजवतेही. तिने पहिलं पेडल हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"बाबा, टोनचं बटण कुठंय?"

"नाही."

"सगळ्यांच्या पेडलला असतं."

"सगळे घाबरतात म्हणून ठेवतात. आवाज धारदार हवा की मऊ, हे बनवणाऱ्याला माहीत हवं. तिसरं बटण देणं म्हणजे, माझं काही ठरत नाही बुवा, तुम्हीच बघा, असं सांगणं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या या 'बरं'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आठ महिने त्याने तो आवाज घोटला. टेबलाच्या उजव्या अंगाला त्यानेच आखलेला एक अँप्लिफायर होता, कारखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेला. त्याच्यातून तो ऐकायचा, डबी उघडायचा, एखादा भाग बदलायचा, पुन्हा ऐकायचा. एका सकाळी तो डबी न उघडता खुर्चीला टेकला, आणि मला कळलं की झालं. मलासुद्धा तो आवाज आवडला. उबदार होता, पण झोपाळू नव्हता.

मग छत्तीस पेडलं तयार झाली. हिरवा रंग, दोन काळी बटणं, आणि तळाला पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. वाद्यांच्या एका दुकानदाराने येत्या शनिवारी मांडायला जागा देऊ केली होती. सोमवारी सून त्यातलं एक तालमीला घेऊन गेली आणि मंगळवारी दुपारी परत आली. आल्याआल्या तिने ते टेबलावर ठेवलं आणि ती पाणी प्यायली.

"काय?" खटपट्या म्हणाला.

"चांगलंय."

"अगं, नीट सांग."

"बाबा, टोचतंय. वरचे सूर कानात घुसतात. आमचा ड्रमवाला म्हणाला, कोणी पत्र्यावर खिळा ओढतंय का?"

"ड्रमवाल्याच्या कानाबद्दल न बोललेलं बरं."

"मलाही तसंच वाटलं."

"तुझा अँप्लिफायर खराब असेल."

"तिथे तीन होते. तिन्ही लावून बघितले. चला तुम्हीच."

तालमीची जागा एका छापखान्याच्या वर होती. जिना चढताना खालून यंत्रांचा ठेका ऐकू येत होता. तीन अँप्लिफायर तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे. सुनेने एकाच गतीने तिन्हींवर तेच वाजवलं. खटपट्या खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला, कारण ऐकताना त्याला यंत्र दिसलेलं चालत नाही. पहिल्यावर आवाज टोचत होता. दुसऱ्यावर अधिक टोचत होता. तिसऱ्यावर मी स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि लगेच काढला, पण त्याने तो खिडकीच्या काचेत पाहिला असावा.

घरी येऊन त्याने आपल्या अँप्लिफायरची मागची फळी उघडली. बराच वेळ आत बघत राहिला. मग चिमट्याच्या टोकाने मला एक तपकिरी चकती दाखवली, शर्टाच्या बटणाएवढी.

"हा कपॅसिटर. अगदी वरचे सूर हा गाळून टाकतो. चहाच्या गाळणीसारखा."

"मग?"

"मीच बसवलाय. त्या वेळी कारखान्यात स्पीकरचा एक गठ्ठा आला होता, फार किंचाळायचे. काम थांबवता येत नव्हतं, म्हणून हा घातला. चांगले स्पीकर आले की काढायचा होता."

"आले का?"

"दीड वर्षाने आले." तो उठला, कपाटातून कामाची जुनी वही काढून पानं उलटत गेला आणि त्याने एका आकृतीवर बोट ठेवलं. त्या चकतीशेजारी त्याच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : तात्पुरतं.

पुढचा प्रत्येक अँप्लिफायर आधीच्या आकृतीवरून काढलेला. त्यामुळे बावीस वर्षं ती चकती प्रत्येकात गेली. लोक म्हणायचे, या कारखान्याचा आवाज गोड. तो गोडवा ऐकत याचे कान घडले, आणि पेडल करताना या कानांना जेवढी धार कमी वाटली तेवढी त्याने वाढवली. माझ्या वर्गात एका मुलीची फूटपट्टी शून्याच्या बाजूने झिजलेली होती. तिची प्रत्येक रेघ तेवढीच आखूड यायची, आणि सगळ्या रेघा एकमेकींशी जुळायच्या, म्हणून तिला चूक कधी दिसलीच नाही. ती हुशार मुलगी होती. चूक हुशारीत नव्हती, पट्टीत होती.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या मुलीने पट्टी विकत घेतली होती. मी स्वतः बनवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहितीपत्रक लिहायला बसले तेव्हा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. दाढी केलेली नव्हती.

"ताई, शेवटी एक ओळ घाल. हे पेडल अमुक कारखान्याच्या अँप्लिफायरसोबतच वापरावं. त्यावर ते उत्तम वाजतं. खोटं काहीच नाही त्यात."

"खोटं नाही," मी म्हटलं. "घालते. त्या ओळीखाली तुझं नाव येईल, चालेल?"

मी पेन टेकवून वाट पाहिली. वर्गात मुलं उत्तर शोधत असताना मधे बोलायचं नसतं, एवढं पस्तीस वर्षांत शिकले होते.

"नको घालू," तो म्हणाला.

मग त्याने दुकानदाराला फोन लावला. एक आठवडा पुढे ढकलायचं कारण काय, असं तिकडून विचारलं असणार, कारण खटपट्या स्वच्छ म्हणाला, "आवाज चुकलाय. माझ्याकडून." दुकानदार काहीतरी बराच वेळ बोलला. खटपट्या "हो, हो, तुमचं बरोबर आहे," म्हणत राहिला आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, "आठवडा दिला. वर सल्लाही दिला."

सून संध्याकाळी आली. "आतला एक भाग बदलला की झालं ना, बाबा?"

"कोणत्या अँप्लिफायरसाठी बदलू? तीन ऐकले, तीन तऱ्हेचे."

तिला उत्तर माहीत होतं आणि मलाही होतं, पण ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

"टोनचं बटण घालावं लागेल," तो म्हणाला. "हसू नकोस."

"मी हसले?"

"आतून हसतेयस."

छत्तीस डब्या रंगवून, भोकं पाडून, जोडून बंद केलेल्या होत्या. त्या सगळ्या उघडल्या. तिसऱ्या भोकासाठी जागा फक्त दोन बटणांच्या खाली, मधोमध उरली होती. रंगाचा टवका उडू नये म्हणून त्याने प्रत्येक डबीवर कागदी पट्टी चिकटवली, खूण केली, आणि गिरमिट इतकं हळू चालवलं की मला वाटलं, हे याच जन्मात संपेल ना? मी प्रत्येकीसाठी तीन वायरी कापल्या. सून शिकवण्या उरकून यायची आणि त्या सोल्डर करून डबीत जोडायची; तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता, हे त्याने दुसऱ्या दिवशी कबूल केलं. पहिली डबी पूर्ण झाल्यावर मी म्हटलं, "दोन डोळे नि एक नाक."

"ताई, हे गंभीर यंत्र आहे."

"गंभीर चेहराच आहे तो."

सहाव्या दिवशी सगळी झाली. पण दुकानात पाठवण्याआधी त्याने छापखान्यावरच्या त्याच खोलीत वादकांना बोलावलं. निरोप असा की येताना प्रत्येकाने आपापला अँप्लिफायर आणावा. अकरा जण आले. जिन्यावर इतकी ढकलाढकली झाली की खालून छापखानेवाला बघून गेला.

एकेक जण वाजवत होता. खटपट्या खिडकीपाशी. पहिल्याने बटण डावीकडे फिरवलं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि दर वेळी एक क्षण असा यायचा की वादकाची मान किंचित हलायची आणि हात बटणावरून निघून तारांवर जायचा. काचेत मला खटपट्याचा चेहरा दिसत होता. ड्रमवालासुद्धा आला होता. तो म्हणाला, "खिळा गेला." सुनेने त्याला कोपराने ढोसलं.

नववा होता चष्म्याचं दुकान चालवणारा, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने आणलेला अँप्लिफायर खटपट्याने न वळताच ओळखला, चाकांच्या आवाजावरून.

"हा आमच्या कारखान्याचा."

"अठरा वर्षं झाली," चष्मेवाला म्हणाला. पेडल जोडून तो तिसरं बटण थोडं थोडं फिरवत गेला, मध्याच्या बरंच पुढे नेऊन थांबला आणि वाजवू लागला. तो सगळ्यांत जास्त वेळ वाजवत होता आणि कोणी घड्याळ बघितलं नाही.

संपल्यावर खटपट्या त्याच्याजवळ गेला. "एक सांगायचं होतं. याच्या आत एक तपकिरी चकती आहे. ती माझी चूक आहे. तात्पुरती घातली होती, काढायची राहिली. पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता काढून देतो."

चष्मेवाल्याने आपला चष्मा पुसला. "काढली तर आवाज बदलेल?"

"सुधारेल."

"मग नको. अठरा वर्षं या आवाजावर बोटं बसलीयत माझी."

"पण ती चूक आहे."

"तुमची असेल, साहेब. आता ती माझी आहे." मग जरा ओशाळून म्हणाला, "रागावू नका. मी दिवसभर हेच करतो. भिंग घालायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी? माझ्या डोळ्यांना काय दिसतं ते सांगून नंबर काढता येत नाही. तुमच्या डबीचं हे मधलं बटण तसंच आहे. फार छान केलंत. हेच आवडलं मला."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी नजर दिली नाही, नाहीतर दोघी हसलो असतो.

खटपट्या वाकून त्या बटणाकडे बघत होता. मध्यापासून किती पुढे आहे, ते त्याने बोटाने मोजलं. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, बघितलंस कुठे ठेवलंय त्याने? मी तिथे कधीच नेलं नसतं. आणि वाजतंय बघ कसं."

त्याचं एवढं उजळलेलं तोंड मी त्याच्या निरोपाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिथे भाषणं झाली होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. दोघे राहिलेत," तो म्हणाला, आणि दारातल्या दहाव्या वादकाला त्याने हाक मारली, "या, या. कुठला आणलाय? नका सांगू. जोडा आधी."