सरोजिनीबाईंची किल्ली

सरोजिनीबाई साठीनंतर गाडी शिकल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लास लावला आणि पहिल्याच फटक्यात लायसन मिळवलं. अडचण एवढीच की त्यांची गाडी सेकंडहँड. घेताना तिच्याबरोबर एकच किल्ली मिळाली होती आणि ती कायम श्रीधररावांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या खिशात असायची.

मागच्या आठवड्यात खराडीहून लेकीचा, स्वरालीचा फोन आला. तिला ताप होता आणि जावई गावाला गेलेला. बाईंनी मऊ भाताचा डबा भरला आणि खाली उतरल्या. गाडी दारातच उभी होती. किल्ली मात्र श्रीधररावांबरोबर गाण्याच्या बैठकीला गेलेली, आणि त्यांचा फोन बंद. बाई डबा मांडीवर घेऊन नारायण पेठेतून खराडीपर्यंत रिक्षानं गेल्या. वाटभर धुमसत होत्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "मी दुसरी किल्ली करून घेतेय."

"गाडी एक. किल्ल्या दोन कशाला?"

"चालवणारे दोन आहेत म्हणून."

"अच्छा," श्रीधरराव म्हणाले आणि पेपर उलटला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलेला आकडा ऐकल्यावर तर त्यांचा विरोध फारच तात्त्विक झाला. पण शेजारच्या श्रद्धानं हडपसरच्या जिनतचा नंबर दिला. जिनत वडिलांचं किल्ल्यांचं दुकान चालवायची.

"काकू, गाडी घेऊन या," ती फोनवर म्हणाली. "आत्ताची किल्लीही मला लागेल. किल्लीतल्या चिपची गाडीशी ओळख करून द्यावी लागते, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही."

आता आली पंचाईत. बाईंनी किल्ली मागितली तेव्हा श्रीधरराव म्हणाले, "किल्ली जाईल तिथे मी येणार."

"या की. पण गाडी मी चालवणार."

स्वारगेट येईपर्यंत श्रीधररावांनी उजवा पाय चार वेळा जोरात दाबला.

"अहो, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"ते जाणवतंय मला."

हडपसरला जिनत दुकानाबाहेरच उभी होती. तिशीची, ओढणी कंबरेला खोचलेली. तिनं किल्ली निरखली. "रिमोटची बटणं हवी असतील तर महाग पडेल, काकू. साधी चिपवाली केली तर निम्म्याहून कमीत होईल. दार किल्ली फिरवून उघडायचं, एवढाच फरक."

"साधीच कर. हात शाबूत आहेत माझे."

मशीनवर पातं कापून झालं. मग जिनतनं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि हातातल्या यंत्राची बटणं दाबली. नवी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

"आता माझी बघू," श्रीधरराव घाईनं म्हणाले. त्यांनी आपली किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली. तरी ढिम्म. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काका, घाबरू नका. जुनी नोंद पुसून दोन्ही नव्यानं घालायच्या असतात. सध्या गाडी फक्त काकूंची किल्ली ओळखते. तुमची घालते आता."

"जिनत, काही घाई नाही हं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आधी चहा पिऊ या."

जिनत खळखळून हसली. चहा आला. श्रीधररावांनी तो उभ्यानंच संपवला आणि कप ठेवतानाही नजर किल्लीवरच. अखेर त्यांचीही किल्ली चालू झाली तेव्हा त्यांनी तीनदा गाडी सुरू करून बंद केली.

"इथून खराडी जवळ आहे," बाई म्हणाल्या. "मी स्वरालीला बघून येते. तुम्हाला घरी जायचं असेल तर समोरच बस मिळेल."

श्रीधररावांनी स्टॉपवरची गर्दी पाहिली. मग उतरून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावला. मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये ते दोनदा बोलायला गेले आणि दोनदा गप्प बसले. तिसऱ्यांदा मात्र म्हणाले, "त्या टेम्पोला छान चुकवलंस."

बाईंना इतका आनंद झाला की त्या एक वळण चुकल्या. श्रीधररावांनी तेही सांगितलं नाही.

स्वराली आता बरी होती. बाल्कनीतून तिनं गाडी वळताना पाहिली आणि ओरडली, "आई! तू चालवत आलीस?"

"हो," सरोजिनीबाईंनी काच खाली केली. "बाबांनाही आणलंय."