छताला ऐकू जाईल असा स्पीकर

दिवसा झोपणाऱ्या माणसाला आळशी समजायची आपल्याला फार सवय आहे. त्या इमारतीतली मंडळीही काही वेगळी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर राहणारी नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, पडदे ओढायची आणि अंथरुणावर अंग टाकायची. नवरा परगावी नोकरीला, घरात ती एकटीच. डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावर गाणी सुरू व्हायची. गाणी कसली, नुसते दणके. खिडकीच्या काचा थरथरायच्या, मांडणीवरची भांडी किणकिणायची. वरच्या गृहस्थाचं नाव तिने मनातल्या मनात 'भोंगा' ठेवलं होतं.

एकदा ती वर जाऊन विनंती करून आली. भोंग्याने दारातच ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "दिवसा झोपायला तुम्ही काय घुबड आहात का, बाई?" दार लागलं आणि आवाज आणखी वाढला.

त्याच आठवड्यात वॉर्डात झोपेच्या गुंगीत एका आजोबांना शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची गोळी द्यायला तिचा हात पुढे झाला. आजोबांनीच 'ही माझी नव्हे' म्हटलं म्हणून निभावलं. सिस्टर घरी आली ती दातओठ खात. विनवण्या पुरे झाल्या. आता याला याच्याच औषधाचा डोस द्यायचा, तोही दुप्पट, असं तिने पक्कं केलं.

नणंदेला घेऊन ती स्पीकर बघायला निघाली. नणंद चोखंदळ. साधा मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारी. परवडणाऱ्या स्पीकरमध्ये किती प्रकार आहेत, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. पहिल्या दुकानात मुठीत मावणारे ब्लूटूथ स्पीकर होते. स्वयंपाक करताना ओट्यावर ठेवायला छान, असं नणंदेचं मत पडलं. सिस्टर म्हणाली, याच्यापेक्षा डास बरा गुणगुणतो. मग टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, साउंडबार. विक्रेता सांगू लागला की यात संवाद अगदी स्पष्ट येतात. "मला संवाद नकोच आहे," सिस्टर म्हणाली.

पुढच्या दुकानात कपाटावर ठेवायची छोट्या स्पीकरची जोडी होती. तिचा आवाज इतका गोड की नणंद डोळे मिटून उभी राहिली. सिस्टरने विक्रेत्याला एकच विचारलं, हा वरच्या मजल्यावर ऐकू जातो का? बाईंना शेजाऱ्यांची काळजी आहे असं वाटून त्याने खात्री दिली, "अजिबात नाही जाणार, निश्चिंत राहा." तिने ती जोडी तिथल्या तिथे बाजूला सारली. शेवटी कोपऱ्यात एक बुटका काळा खोका दिसला. तो सबवूफर. याचे दणके भिंतींतून आणि जमिनीतूनही जातात, तेव्हा फ्लॅटमध्ये जरा जपून वापरा, असं विक्रेत्याने बजावलं.

"हाच द्या," सिस्टर म्हणाली.

वाटेत नणंदेने तिला समजावून पाहिलं. "वहिनी, स्पीकर आपल्या कानांसाठी घ्यायचा असतो. तू तो त्याच्या कानांसाठी घेतेयस. आणि तुझ्या घराला वर छत आहे तशी खाली जमीन पण आहे. खाली बसवाले काका राहतात."

"मी मरत होते तेव्हा कोण आलं होतं वर बोलायला?" सिस्टर म्हणाली.

संध्याकाळी ड्यूटीवर निघण्याआधी तिने खोका उचलून कपाटावर, अगदी छताजवळ ठेवला. एकच ढोलाचा ठेका पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला, आवाज पूर्ण चढवला, दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. रात्रभर वॉर्डात फिरताना तिच्या डोळ्यांसमोर अंथरुणात तळमळणारा भोंगा होता. इंजेक्शन देतानाही ती गालात हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

सकाळी ती परतली तेव्हा फाटकापाशी टॅक्सीतून बॅग घेऊन भोंगा उतरत होता. चेहरा ताजातवाना. आदल्या दुपारीच तो सासुरवाडीला गेला होता!

आणि पायरीवर बसवाले काका बसले होते, हाताला पट्टी बांधलेली. भोवती शेजारी जमले होते. काका शाळेची बस चालवत. सकाळी मुलांना उतरवून बस वळवताना त्यांचा डोळा लागला आणि बस शाळेच्या खांबावर आदळली. मुलं आधीच उतरली होती, म्हणून थोडक्यात भागलं.

"सिस्टर, तुम्ही बऱ्या आहात ना?" काकांनी तिला पाहताच विचारलं. "रात्रभर तुमच्याकडून दणके येत होते. किती दार वाजवलं. वाटलं, तुम्हाला आत काही झालं की काय. झोप कुठली लागतेय!"

सिस्टर धावत वर गेली, ठेका बंद केला आणि परत खाली आली. खोटं बोलायला जागा होती. तरी तिने सगळ्यांसमोर, भोंग्यासमोरही, खरं ते सांगून टाकलं आणि काकांची माफी मागितली.

काका म्हणाले, "वरचे दणके आम्हालाही ऐकू येतात, सिस्टर. पण जो तो म्हणाला, आपल्याला काय करायचंय. तुम्हाला एकटं पाडलं ते आम्ही. पण राग त्याचा होता, तर त्याच्याशी भांडायचं होतंत. आम्ही आलो असतो."

त्याच दिवशी, न झोपता, सिस्टर काकांबरोबर शाळेत गेली. चूक माझी आहे, यांची नोकरी घेऊ नका, असं तिने मुख्याध्यापिकांना सांगितलं. खूप ऐकून घ्यावं लागलं. पण काकांची नोकरी राहिली.

संध्याकाळी सगळे मिळून वर गेले. 'माझं घर आहे' म्हणत भोंग्याने सुरुवात केली, पण दारात सगळी इमारत उभी पाहून त्याचा आवाज खाली आला. त्याचा भलामोठा स्पीकर थेट फरशीवर ठेवलेला होता. तो स्टँडवर गेला, खालचे दणके कमी झाले आणि दुपारपर्यंत गाणी बंद राहतील असं ठरलं. माफी त्याने मागितली नाही. पण सिस्टरला झोप मिळू लागली. सबवूफर परत करून तिने ती छोटी जोडी आणली, आणि या वेळी निवडताना स्वतःच्या आवडीचं गाणं लावून पाहिलं.

लोकहो, प्रत्येकाच्या डोक्यावर एखादा भोंगा असतोच. त्याला जाब विचारायलाच हवा. मुकाट्याने सोसणं हा काही चांगुलपणा नव्हे. पण तो त्याच्या दारात उभं राहून, चार माणसं बरोबर घेऊन विचारा. कारण सूड पत्ता विचारत नाही. वाटेत जे घर लागेल त्यात शिरतो.