आवक नोंदवहीतल्या तीन ओळी

आमच्या हिशेब खात्यात त्याला सगळे ‘भावी’ म्हणत. भावी साहेब या अर्थानं. सुरुवातीला त्यात थोडा मान होता. सात वर्षांत साहेब झिजून गेला आणि नुसता भावी उरला. पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. तिथं नऊ ते सहा खतावण्या लिहायच्या, जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड-रूममधल्या शिडीवर बसून एका हातानं जेवायचं नि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचं, आणि वर्षातून दोनदा परीक्षेला बसायचं, हा त्याचा क्रम. आम्ही बाकीचे त्या सुट्टीत पत्ते कुटायचो. तो आमच्याकडे बघायचा तो जरा वरून. शिडीवर बसल्यामुळे असेल.

सनदी लेखापाल व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, सगळे पेपर सुटले पाहिजेत. दुसरी, तीन वर्षं एकाच सनदी लेखापालाच्या हाताखाली काम करून दर तिमाहीला एका पुस्तिकेत त्याची सही घ्यायची. बारा तिमाह्या, बारा सह्या. आमच्या खात्यात सनद होती एकट्या साहेबांकडे. ती त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत टांगलेली असे, आणि साहेब तिच्याखाली अशा बेतानं बसत की समोरच्याला दोघांचं दर्शन एकदम व्हावं.

साहेब त्याला ‘विद्वान’ म्हणत. पुस्तिकेत पहिली सही मिळाली त्याच आठवड्यात विद्वानानं परीक्षेसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला.

“रजा कशाला रे? नापासच व्हायचंय ना? मग इथं बसून नापास हो. निदान पगार तरी मिळेल.”

आम्ही हसलो. मीही हसलो. मी रोखपाल, साहेब हसवत असताना न हसणं माझ्या पगारात बसत नव्हतं.

भावी जागेवर येऊन बसला. कान लाल. त्याच दिवशी टपालात सनदी लेखापालांच्या संस्थेचं एक पत्र आलं, साहेबांच्या नावाचं: सदस्यत्वाचं वार्षिक नूतनीकरण. फॉर्म भरायचा, साहेबांची सही घ्यायची, शुल्क पाठवायचं. हे काम दरवर्षी भावीच करत असे, कारण आवक टपाल त्याच्याकडे. त्यानं ते पत्र वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं. मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्याचा बेत मोठा नव्हता. साहेबांना थोडा दंड पडावा, चारचौघांत संस्थेकडून कान उपटले जावेत, एवढंच. तीन आठवड्यांनी स्मरणपत्र आलं, तेही खणात गेलं. मग शेवटची सूचना आली. योगायोग असा, की त्याच दिवशी त्याचा निकालही आला. दोन मार्कांनी नापास. ती सूचनाही खणात गेली. खणाला कुलूप लागलं.

साहेबांना पत्ता नव्हता. भिंतीवरची सनद काही कुणी काढून नेली नव्हती. ते दर तिमाहीला भावीच्या पुस्तिकेत सही करत राहिले. सही करताना प्रत्येक वेळी पेन हवेत धरून विचारायचे, “काय विद्वान, करू ना?” आणि त्याच्या तोंडून ‘करा ना साहेब’ आल्याशिवाय पेन खाली उतरत नसे.

अशा बारा सह्या झाल्या. आणि या वर्षी शेवटचा पेपरही सुटला.

त्या दिवशी आम्ही पत्ते बाजूला ठेवून त्याला चहा पाजला. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं त्याला घ्यायचं कबूल केलं होतं, पगार दुप्पट. महिनाअखेरपर्यंत सनदेचा क्रमांक कळवायचा, एवढीच अट. पुस्तिका संस्थेकडे गेली. बायकोनं माहेरी कळवून टाकलं. सात वर्षं तिच्या भावानं तिला ‘भावोजी पास झाले का गं?’ एवढं एकच वाक्य ऐकवलं होतं. आता तिनं त्याला स्वतःहून फोन करून तेच वाक्य विचारायला लावलं.

पंधरा दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. साहेब गोदामात माल मोजायला गेले होते. भावीनं पत्र वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पुस्तिकेवर सह्या करणाऱ्या सदस्याचं नाव पावणेतीन वर्षांपूर्वी नोंदपटावरून कमी झालेलं आहे. सबब पहिली सही ग्राह्य, उरलेल्या अकरा अग्राह्य. मात्र नूतनीकरण सदस्याच्या कार्यालयाच्या चुकीनं राहिलं आणि उमेदवाराला त्याची कल्पना नव्हती असं सदस्यानं लेखी दिलं, तर सवलतीचा विचार करता येईल.

“काका,” तो म्हणाला, “कल्पना नव्हती, एवढंच लिहून हवंय.”

“मग घे लिहून. पत्रं आली होती हे साहेबांना तरी कुठं ठाऊक आहे? टपालात गहाळ झाली म्हण.”

“साहेब आवक नोंदवही मागतील.”

“मागू देत. तिच्यात काय आहे?”

त्यानं त्या वर्षीची वही काढून माझ्यापुढे सरकवली. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“तू चढवलीस? अरे, लपवलेली पत्रं तू नोंदवहीत चढवलीस?”

“आलेलं पत्र चढवायला नको का?” तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

मी वही उघडली. तीन तारखा, तीन ओळी. आवक क्रमांक, पाठवणारा, विषय, शिक्का, त्याची आद्याक्षरं. ‘पुढील कार्यवाही’च्या रकान्यात तिन्ही ठिकाणी सुवाच्य अक्षरात: प्रलंबित.

माझा चहा टेबलावर होता. मी ग्लास त्याच्या हातात दिला.

“सांड.”

“काय?”

“चहा सांड पानावर. रोज कुणाचा ना कुणाचा सांडतो. शाई पसरली की झालं. साहेब यायला अर्धा तास आहे.”

त्यानं ग्लास वहीवर धरला. पण ग्लास तिरका होईना. मग त्यानं वाकून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“या पानावर बाकीच्या एकतीस नोंदी आहेत, काका. विमा कंपनीचं पत्र आहे. वजनकाट्याचा दाखला आहे.”

आणि ग्लास खाली ठेवला. वहीपासून लांब, डाग पडू नये म्हणून.

साहेब आले. पत्र वाचताना त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग जांभळा. “माझं नाव कापलं? माझं?” मग नोंदवही मागवली. भावीनंच नेली, भावीनंच पान काढून दिलं. साहेबांच्या केबिनच्या काचेच्या अलीकडून आम्ही सगळे खाली माना घालून ऐकत होतो.

साहेबांनी तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाले, “अक्षर फार सुंदर आहे रे तुझं.”

“साहेब, चूक झाली. तुम्ही फक्त...”

“कल्पना नव्हती, असं लिहू?”

“सात वर्षं झाली साहेब. घरी सांगून बसलोय.”

“आचारसंहितेच्या पेपरात किती मार्क पडले तुला?”

“एक्याऐंशी.”

“वा! मग तूच सांग, सदस्यानं संस्थेला खोटं निवेदन दिलं तर काय होतं?”

आणि त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, कलमासकट, पोटकलमासकट. साहेबांनी मध्ये एकदा मान डोलावली.

“बरोबर. पूर्ण मार्क,” ते म्हणाले. “तुला काढणार नाही मी. वर्षाचे हिशेब तोंडावर आलेत. नवी पुस्तिका माग.”

साहेबांनी विलंबशुल्क भरलं. चार दिवसांत त्यांचं नाव नोंदपटावर परत आलं, पण त्या दिवसापासून पुढे. मागचं काही नाही. मोठ्या कंपनीनं महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्याला घेतलं.

बायकोचा फोन त्यानं माझ्या शेजारीच घेतला.

“अहो, पास झालात ना?”

“झालो.”

“मग?”

“अजून पावणेतीन वर्षं.”

“मग पास कसले झालात?” ती म्हणाली. ती ओरडली नाही. पलीकडे तिनं कुणाला तरी “काही नाही, ऑफिसचं आहे” असं सांगितलेलं मला ऐकू आलं. भाऊ आलेला असावा.

तिथंच हे संपलं असतं, पण भावी हिशेबाचा माणूस. दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर एकच वजाबाकी होती. उरलेल्या अकरा सह्यांना दोन वर्षं नऊ महिने लागणार. साहेबांच्या निवृत्तीला उरलेत दोन वर्षं चार महिने. साहेबांच्या जागी मालकांचा जावई येणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. त्याच्याकडे सनद नाही, शिकारीची बंदूक तेवढी आहे.

“पाच महिने कमी पडतात, काका.”

“मग?”

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. गेल्या आठवड्यात त्यानं व्यवस्थापनाला एक विनंतीअर्ज लिहिला. ‘आमच्या साहेबांसारखा कर्तव्यदक्ष, मायाळू व मार्गदर्शक अधिकारी पुन्हा लाभणे नाही, सबब त्यांना किमान सहा महिने मुदतवाढ मिळावी.’ सहा कसे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, एखादा महिना हाताशी असावा. तो अर्ज घेऊन तो टेबलाटेबलावर फिरला. ज्यांच्यासमोर त्याचा रजेचा अर्ज वाचला गेला होता, त्या प्रत्येकाची त्यानं सही घेतली. मायाळू या शब्दावर दोघातिघांना ठसका लागला. तो थांबला, ठसका जाईपर्यंत उभा राहिला, आणि पेन पुढे केलं.

माझ्याकडे सगळ्यात शेवटी आला. मी पेन हवेत धरलं.

“काय विद्वान,” मी म्हणालो, “करू ना?”

तोंडातून निघून गेलं. आमच्या खात्यात अशीच सवय आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “करा ना, काका.”

मी सही केली. त्यानं ती शाई वाळेपर्यंत फुंकली, अर्जाला शिक्का मारला, आणि जावक नोंदवहीत चढवला.