रीचगुरूंचा हात

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका हॉलमध्ये चाळीस बँड फोन डोक्यावर धरून उभे होते. पेजची रीच, म्हणजे पोहोच, वाढवून देणारे रीचगुरू श्रीकांतजी एकेका फोनवर हात फिरवत होते, आणि हात फिरला की फॉलोअर वाढत होते. आमच्या बँडच्या पेजवर तीनशे सात होते. दोन मिनिटांत एकसष्ट हजार झाले. शेजारचा ढोलकीवाला रडायला लागला. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्याचा पगार घेतो. मी टाळ्या वाजवल्या.

"अल्गोरिदम म्हणजे भुकेलं बाळ," गुरू म्हणाले. "त्याला शिळं भरवू नका. पेजवर कुणी गेलेलं माणूस आहे?"

होतं. आमचा गायक आशय गेल्या वर्षी डेंग्यूने गेला. त्याची नऊ गाणी पेजवर होती.

"मृताची ऊर्जा रीच खाली ओढते. काढा."

"काढायची?" स्वानंदीने विचारलं. आशयनंतर तीच गात होती.

"बुकिंग हवंय ना?" गिटारवाला प्रणीत म्हणाला. "आशयनेच काढली असती."

आशय गिटारच्या तुटलेल्या तारासुद्धा टाकत नसे. पण बटण मी दाबलं.

एकसष्ट हजारांचा आकडा बघून एका कॅफेने आम्हाला बोलावलं. अकरा जण आले, त्यात चार वेटर. मालकाने पुन्हा फोन करू नका म्हणून सांगितलं. गुरू म्हणाले, श्रद्धा कमी पडली.

स्वानंदी मल्लेश्वरमला हेमलताअक्कांकडे भाड्याने राहते. अक्कांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"स्वल्प थांबा. एक काळा व्हिडिओ टाका. चित्र नाही, आवाज नाही. एक मिनिट."

"अक्का, पेज खराब होईल," प्रणीत म्हणाला.

"आता अजून काय व्हायचंय त्याचं?"

टाकला. दहा मिनिटांत चार हजार लाइक. 'काय आवाज आहे.' 'तिसरं कडवं काळजाला भिडलं.'

"कान फार तिखट आहेत हं तुमच्या श्रोत्यांचे," अक्का म्हणाल्या. "हॉलमध्ये शिरताना फॉर्मवर काय लिहून घेतलं?"

"पेजचं नाव."

"सरी, कळलं. म्हणजे मागे बसून कुणीतरी त्या नावावर खोटी खाती चढवत होता. नवं काही दिसलं की ती आपोआप वाहवा करतात. हात नुसता फिरत होता."

"मग आशयची गाणी का काढायला लावली?" स्वानंदीने विचारलं.

"बाकीच्या बँडना काय सांगितलं?"

"जुन्या व्हिडिओंना दृष्ट लागलीय, काढा," प्रणीत म्हणाला.

अक्कांनी चष्मा काढला. "जुन्याला पन्नास लाइक, नव्याला चार हजार. शेजारी शेजारी दिसलं तर पाचवीतलं पोरही विचारेल. म्हणून, बाळांनो."

पुसलेलं परत आणायची मुदत तीस दिवसांची होती. तो त्रेचाळिसावा दिवस होता. पेजवर आहेत, जातात कुठे, म्हणून गाण्यांची कॉपी कुणीच ठेवली नव्हती.

रविवारी नागपूरहून आशयच्या आईचा फोन आला.

"काय रे बाळा, दीड महिना झाला, त्याची गाणी लागतच नाहीत. तीनदा दुकानात नेला फोन. दुकानदार म्हणतो, नवा घ्या."

"फोन चांगला आहे, काकू. गाणी मी काढली."



"तुला आवडत नव्हती का रे?"

हात फिरवून आकडा वाढवणारा कुणी भेटला, तर त्याच्या सांगण्यावरून काहीही पुसण्याआधी त्याला तपासा. आम्हाला दहा मिनिटं लागली. ती आम्ही उशिरा दिली.